दुसरा खटका

आमच्या घरातल्या शेगडीचं नाव म्हातारी. बाबांनी ती बनवून आणली त्या दिवशी ती नवी कोरी होती, तरी म्हातारीच. कारण पेटवली की पहिली पाच मिनिटं खोकायची, कण्हायची, आणि एकदा तापली की मग कुणाचं ऐकायची नाही. शाळेत एका मित्राने मोठ्याने विचारलं होतं, "काय रे, तुमची म्हातारी कशी आहे?" बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना वाटलं माझी आजी आजारी आहे, म्हणून त्यांनी मला लवकर घरी सोडलं. मीही तोंड पाडून निघालो. म्हणजे त्या शेगडीच्या नावावर खोटं वागण्याची माझी सवय तशी जुनी आहे.

बाबा बॉयलरच्या कारखान्यात फिटर होते. तिथल्या मोडीत निघालेल्या जाड पत्र्यातून त्यांनी सुट्टीच्या दिवशी एकेक भाग कापून ती शेगडी जोडली. खरी कारागिरी होती दारात. दाराची दांडी खाली दाबली की 'खट्' असा आवाज यायचा आणि दार लागलंसं वाटायचं. पण तो पहिला टप्पा. मग दाराला गुडघा लावून दांडी पुन्हा दाबायची, की दुसरा 'खट्'. तेव्हा कुठे दार चौकटीला घट्ट चिकटायचं आणि धूर मुकाट्याने धुराड्याची वाट धरायचा. बाहेरच्या माणसाला हे कधीच कळलं नाही. आता बाबा नाहीत, म्हणजे दुसरा खटका माहीत असलेली माणसं जगात दोनच उरली, मी आणि अक्का.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यानंतर माझी वेणीफणी सोडून बाकी सगळं अक्काने केलं. तिने लग्न केलं नाही, का नाही हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरात माझंच नाव निघालं असतं, ही भीती. ती त्याच घरात राहते. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान काढलं, तेही शेगड्यांचंच. नव्या, पोलादी, दाराला काच असलेल्या. आमच्याकडे वर्षातले सात महिने थंडीचे, त्यामुळे धंदा बरा चालतो. पन्नाशी उलटली, दुकानाच्या पाटीवर नाव लागलं, हाताखाली दोन माणसं आली, तरी अक्कासाठी मी 'छोट्या'च.

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. जुनी शेगडी लाकूड खाते, राख करते, छातीला धूर देते. नवी निम्म्या लाकडात रात्रभर ऊब धरते आणि भिंती काळ्या करत नाही. हे मी दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगतो आणि ते खरं आहे. पण खऱ्या गोष्टीकडेही माणूस आडवाटेने जाऊ शकतो. मी गेलो.

दर दोन-तीन आठवड्यांनी अक्काचा फोन यायचा. "छोट्या, म्हातारी परत धूर सोडतेय रे. सवडीने ये." अक्काच्या कोशात सवडीने म्हणजे आज. मी हातातलं काम टाकून, हत्यारांची पिशवी घेऊन, सगळं गाव ओलांडून जायचो. बिघाड दर वेळी एकच. दाराच्या खालच्या बिजागरीचा लांब बोल्ट ढिला; बाबांनी तो मागच्या पत्र्यापर्यंत नेऊन नट तिथे बसवला होता. दार केसभर खाली बसलेलं आणि खालच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ. मी बुटक्या स्टुलावर बसून एक हात मागे भिंतीकडे घालायचो, नट चाचपून पान्यात धरायचो आणि पुढून बोल्ट पिळायचो. सहा मिनिटांचं काम.

मग चहा. मग अक्का माझ्याकडे निरखून बघायची आणि तिला माझ्या शर्टाचं एखादं बटण लोंबताना दिसायचं. "काढ, लावून देते." झालं! बावन्न वर्षांचा दुकानदार बनियनवर शेगडीपुढे बसलेला, आणि अक्का सुईत दोरा ओवता ओवता सांगतेय की कुणाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली आहे आणि ते गृहस्थ दोष कोटाला कसा देतात. मी "हं" म्हणायचो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो. भिंतीवरचं दिसलं नाही तर मनगटावरचं.

एकदा बटण शोधायला तिने मशीनचा खण उघडला, तर बॉबिनांच्या शेजारी बाबांचा छोटा पाना दिसला. तेल लावून स्वच्छ ठेवलेला.

"हा इथे कशाला?"

"मशीनचा नट ढिला होतो अधूनमधून."

"या घरात सगळ्यांचेच नट ढिले आहेत," मी म्हणालो.

ती हसली. विनोदाच्या मानाने जरा जास्तच हसली. मला वाटलं, काय छान बोललो!

बोल्ट पुन्हा पुन्हा का सुटतो, याचं शास्त्रीय कारणही मी तिला समजावून दिलं होतं. लोखंड तापतं, निवतं, फुगतं, आकसतं. मी दोनदा नवे वायसर घातले. ती मान डोलावून ऐकायची. "असं असतं होय," म्हणायची. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

त्या हिवाळ्यात दुकानात दम घ्यायला फुरसत नव्हती. एका हॉटेलात मोठी शेगडी बसवायची होती, धुराड्याचे नळ उशिरा आलेले, माणसं खोळंबलेली, आणि तेवढ्यात महिन्यातला तिसरा फोन. "छोट्या, म्हातारी..." मी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "येतो," म्हणालो आणि फोन आदळला. बायको गल्ल्यावर बसली होती. "वन्सं होत्या ना? जरा हळू बोलायचं," ती म्हणाली. मी तिच्यावरही खेकसलो.

अक्काकडे पोचलो, बोल्ट पिळला, चहा नको म्हणालो. "अक्का, आज निकाल लावू. एक तर ही, नाहीतर नवी. दुकानातली सगळ्यात चांगली देतो. तिला वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही."

"हात लावावाच लागत नाही?"

"नाही. तेच तर तिचं कौतुक."

ती हातातल्या कोटाचं अस्तर सरळ करत राहिली. "तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं नको. नंतर माझ्या नावाने बोटं मोडत बसशील. तू ठरव."

"मग म्हातारीलाच विचारू," ती म्हणाली. तिने कटिंगच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापली. ही बाबांची परीक्षा. पट्टी चौकटीवर धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. दाराने कागद धरून ठेवला तर शेगडी धडधाकट. कागद सुटून हातात आला तर फट आहे. "धरली तर म्हातारी राहील. सुटली तर तुझी नवी आण. मी एक शब्द बोलणार नाही."

पट्टी तिने माझ्या हातात दिली आणि ती माझ्या मागे उभी राहिली.

बोल्ट मी नुकताच पिळला होता. दार पक्कं बसणार, पट्टी फाटेल पण सुटणार नाही, हे मला माहीत होतं. मी पट्टी चौकटीवर ठेवली. दार ढकललं. दांडी दाबली. खट्. आणि थांबलो. गुडघा लावला नाही. माझी पाठ अक्काकडे होती, कोट अंगावर होता, हातापलीकडचं तिला काही दिसत नव्हतं. हॉटेलवाला वाट बघत होता. मी पट्टी ओढली आणि ती अलगद, लोण्यातून सुरी निघावी तशी हातात आली.

"सुटली," मी म्हणालो.

अक्काने पट्टी घेतली, उलटसुलट करून बघितली, तिची चौपदरी घडी घातली आणि टाचण्यांच्या डबीत ठेवली. "सुटली तर सुटली," ती म्हणाली.

चार दिवसांनी मी नवी शेगडी घेऊन गेलो. हमालांनी म्हातारीला दोरखंड बांधले. "थांबा," म्हणून अक्का ओलं फडकं घेऊन आली आणि तिने शेगडीची पुढची बाजू पुसली. पाहुण्यांकडे निघालेल्या पोरीचं तोंड पुसावं तशी. मागची बाजू भिंतीला होती, आणि दोरखंड आड आल्याने तिथवर तिचा हात पोचला नाही. हमाल खोळंबले होते, मी "चला चला" करत होतो. नवी शेगडी तासाभरात बसली. काचेमागे जाळ स्वच्छ दिसत होता. खोलीत धुराचा वास नाही, कण्हणं नाही. "सुंदर आहे," अक्का म्हणाली. तिने विचारलं, "हिचं काही पुस्तक असतं का?" मी तिला पुस्तिका दिली आणि निघालो. म्हातारी दुकानाच्या मागच्या अंगणात गेली.

मग फोन बंद झाले. मला आधी बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं. एक आठवडा, तीन आठवडे, दोन महिने. बायकोने एकदा विचारलं, "वन्सं बऱ्या आहेत ना? बऱ्याच दिवसांत फोन नाही." "बऱ्याच असणार. नवी शेगडी आहे," मी म्हणालो. शेगडी नवी असली की माणूस बरं असतं, असं मी खरोखर म्हणालो. आपणही फोन करू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पण खाई त्याला खवखवे. अंगणात गेलो की म्हातारीची दांडी दिसायची आणि कानात तो एकच खटका वाजायचा. मी तिच्यावर पोतं टाकलं. पोत्याखालूनही ती तिथेच होती. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं.

तो दुपारी आला. शेगडी अख्खी उचलायची नाही म्हणाला, आधी दार सोडवू. त्याने ती भिंतीपासून फिरवली आणि तिची मागची बाजू पहिल्यांदाच उजेडात आली. खालच्या बिजागरीचा नट, ज्याला मी वर्षानुवर्षं नुसता चाचपून धरत आलो, माझ्या डोळ्यांसमोर होता. नटापासून पत्र्यावर पांढऱ्या रेघा गेलेल्या होत्या. एक ठसठशीत, तिच्या शेजारी जरा पुसट, तिच्या पलीकडे आणखी पुसट, अशा नटाच्या सगळ्या बाजूंनी. प्रत्येक रेघेजवळ, पाव फेऱ्याच्या अंतरावर, एक छोटी आडवी खूण.

"हे काय आहे, मालक?" भंगारवाल्याने विचारलं.

मला ती खूण माहीत होती. लहानपणापासून बघत आलो होतो. काज कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं, हे अक्का कापडावर असंच लिहिते. रेघ म्हणजे इथून. आडवी खूण म्हणजे बस, याच्या पुढे नाही. रेघा शिंप्याच्या खडूच्या होत्या.

मी तिथेच पायरीवर बसलो. लोखंड तापत नव्हतं, निवत नव्हतं, फुगत नव्हतं. माझी बहीण बाबांचा पाना घेऊन, शेगडी गार असताना, मागे हात घालून नट पाव फेरा सोडत होती. पावच. म्हणजे धूर येईल, पण बेताचा. खिडकी उघडली की सोसवेल असा. मग ती तो धूर खात फोनपाशी बसायची आणि म्हणायची, सवडीने ये. रेघा मोजायला मी सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. माझी प्रत्येक फेरी तिथे लिहिलेली होती, आणि त्यातली एकही मी आपण होऊन केलेली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती मला फसवत होती म्हणून रागवावं, असंही क्षणभर मनात आलं. पण राग कसला करणार? तिची फसवणूक मी यावा म्हणून होती. माझी, यावं लागू नये म्हणून.

"विकायची नाही का?" भंगारवाला म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "चहा घे आणि जा."

मी तसाच निघालो. पिशवी घेतली नाही, मग परत येऊन घेतली. रिकाम्या हाताने त्या घरी कसं जायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

अक्का मशीनवर होती. दार उघडून माझ्याकडे आणि मग माझ्या पिशवीकडे बघत तिने विचारलं, "काय रे? काय झालं?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज?" तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "घरी सगळं बरं आहे ना? भांडलास का बायकोशी?"

"नाही गं. शेगडी बघायला आलो. या नव्या शेगड्यांना दर महिन्याला तपासावं लागतं. नियमच आहे तसा." आणि मी गुडघे टेकून काचेपुढे बसलो, उगाच एक दांडी वरखाली केली.

"पुस्तकात तर लिहिलंय, तीन वर्षं काही करायचं नाही म्हणून."

"तू वाचलंस?"

"दोनदा. वर जोडणीचं चित्र आहे तेही बघितलं." तिने मशीनवरचा धागा तोडला. "हिला एकही नट बाहेर नाही रे, छोट्या. सगळे आत."

मला वर बघवेना. काचेत माझं तोंड दिसत होतं आणि त्याच्या मागे जाळ. तिथेच बसून, काचेकडेच बघत मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी पट्टी सुटली ना, ती सुटायला नको होती. मी दुसरा खटका लावलाच नव्हता."

"माहीत आहे."

मी वळलो. ती सुईत दोरा ओवत होती.

"आवाज एकच आला," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ते दार मी लावलंय. एक खट् की दोन, एवढं कळत नाही होय मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" दोरा एकदा चुकला. तिने तो ओला करून पुन्हा धरला. "पट्टी ओढायच्या आधी तू घड्याळाकडे बघितलंस. म्हटलं, याला सुटायचंय. सुटू दे."

मी म्हणालो, "म्हातारीला परत आणतो. उद्याच. विकली नाही मी."

"वेडा आहेस का? नको." ती पहिल्यांदा जरा जोरात बोलली. "सकाळचा खोकला गेला माझा. भिंत धुतली परवा, तर पाणी काळं नाही निघालं. शेगडी तू चांगलीच दिलीस, छोट्या. त्यात काही खोट नाही."

म्हणजे तोही रस्ता बंद. शेगडी परत आणून मी मोकळा झालो असतो, दोर बांधले, उचलली, ठेवली, हात झटकले. सहा मिनिटांचं नाही, पण तासाभराचं काम. ती ते मला देत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. खोलीत ऊब होती, धूर नव्हता, आणि काही बिघडलेलं नव्हतं. आता कधीच काही बिघडणार नव्हतं.

मी उठलो. पिशवी कोपऱ्यात ठेवली. खुंटीवर कुणाचातरी अर्धा शिवलेला कोट लटकत होता, त्याला बाह्या नव्हत्या.

"अक्का, मला एक कोट शीव."

"तुझ्याकडे दोन आहेत. दोन्ही मीच शिवलेत."

"असू देत. तिसरा शीव."

तिने सुई उशीत टोचली, गळ्यातली टेप काढली. "कोट एका फेरीत होत नाही. माप, मग कच्ची ट्रायल, मग बाह्यांची, मग अस्तराची. चार-पाच वेळा तरी यावं लागेल."

"येईन."

"आणि मी काम सावकाश करते आता. डोळे पूर्वीसारखे नाहीत."

"कर सावकाश."

तिने पाठीवर टेप लावली, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. आकडा पुटपुटली, कागदावर लिहिला. "बारीक झालास," म्हणाली. मी लाकडासारखा ताठ उभा होतो. तिने दोन्ही खांद्यांवर चापट मारून ते सैल सोडायला लावले. मग माझा डावा हात हातात घेतला, कोपरात वाकवला, टेप मनगटापर्यंत आणली आणि थांबली.

"घड्याळ काढून ठेव," ती म्हणाली. "बाहीचं माप चुकतं."